आधी तुम्ही घ्या

माझ्या जिभेला हाड नाही, हे मी स्वतःच कबूल करतो. बायकोला माहीत आहे, लेकीला माहीत आहे, आणि हँगरमधल्या मिस्त्र्याला तर सगळ्यांत जास्त. पस्तीस वर्षं विमान चालवलेला माणूस गोडबोल्या असेल, तर तो कधी संकटात सापडलेला नाही, असं मी म्हणायचो. लोक हसायचे. माझ्या बोलण्यावर लोक हसतात, याचा मला अभिमानच होता.

आमची कंपनी म्हणजे तीन छोटी जेट विमानं आणि सहा वैमानिक. सात खुर्च्यांचं विमान, कॉकपिटला दार नाही, नुसता पडदा. कॉफी प्रवाशाने स्वतःच ओतून घ्यायची. सहा वैमानिकांपैकी एक माझा जावई. त्याला सगळे पोथी म्हणतात, आणि ते नाव मी ठेवलेलं आहे. पाठ असलेली गोष्टसुद्धा हा पुस्तक उघडून, ओळीवर बोट ठेवूनच करणार. लग्नात सही करण्याआधी त्याने नोंदणीचा फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, असं मी चारचौघांत सांगायचो, आणि तोही हसायचा. विमानात तो मला सर म्हणतो, घरी बाबा. आवाज दोन्हीकडे सारखाच दबका.

त्या दिवशी सकाळी नऊचं उड्डाण होतं. विमान आदल्याच दिवशी देखभालीतून बाहेर आलं होतं. केबिनच्या दाराचं रबर नवीन बसवलं होतं आणि ऑक्सिजनची बाटली भरून पुन्हा जागेवर ठेवली होती. ही बाटली विमानाच्या नाकात, एका झाकणाआड असते. तिचा कॉक जमिनीवर उभं राहून, बाहेरूनच फिरवायचा. आतून तिथे हात पोचत नाही. आमचे दोघांचे मास्क आणि केबिनमधल्या प्रवाशांचे मास्क, सगळे त्याच एका बाटलीवर.

मास्क तपासायची रीत सोपी आहे. बटण दाबायचं, हवा सुटल्याचा फुस्स आवाज ऐकायचा आणि बटण तसंच धरून ठेवायचं. पाच सेकंद, काट्यावर नजर ठेवून. कारण बाटलीचा कॉक बंद असला तरी नळीत थोडा ऑक्सिजन अडकलेला असतोच. काटा टाकी भरलेली दाखवतो, फुस्सही होतं. धरून ठेवलं तरच काटा खाली येतो आणि बिंग फुटतं. हे मी किती नव्या वैमानिकांना शिकवलं असेल, त्याची गणती नाही.

पोथीने बटण दाबलं. फुस्स झालं. मागे मालकीणबाई येऊन बसल्या होत्या. पंपांच्या कारखान्याच्या मालकीण, सत्तरीच्या, वेळेच्या पक्क्या आणि तोंडाने माझ्याइतक्याच तिखट.

"कॅप्टन, आज निघायचंय ना?" त्यांनी पडद्याआडून विचारलं.

माझं डोकं सटकलं. बाईंवर ओरडता येत नाही. मग बाजूला जो होता त्याच्यावर ओरडलो. "सोड की आता. तान्हं बाळ आहे का ते, ढेकर येईपर्यंत धरून बसायला?"

बाई मागे खुदकन हसल्या. पोथीने बटण सोडलं. क्षणभर त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग यादीतल्या त्या ओळीपुढे खूण केली. मी पुढची ओळ वाचून टाकली.

चाळीस मिनिटांनी आम्ही एकोणचाळीस हजार फुटांवर होतो. एवढ्या उंचीवर माणूस उघड्यावर जगत नाही. म्हणून इंजिनांतून हवा घेऊन केबिनमध्ये भरलेली असते, सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तेवढी. बाहेर निळं आकाश, खाली ढगांची गादी, सगळं आलबेल. माझ्या कानात टक्कन झालं.

"सर, केबिन चढतेय," पोथी म्हणाला. म्हणजे आतली हवा विरळ होत होती, आणखी उंच डोंगरावर असावी तशी.

"किती?"

"मिनिटाला पाचशे फूट."

"दाराचं रबर नवीन आहे. बसेल जागेवर."

एक मिनिट गेलं. मिनिट म्हणजे काय असतं, हे त्या दिवसापर्यंत मला नीट माहीत नव्हतं.

"सर, नऊ हजार. आता मिनिटाला आठशे."

"दिसतंय मला. आंधळा नाही मी."

त्याने गुडघ्यावर पुस्तक घेतलं होतं आणि पान उघडून ठेवलं होतं. ते पान कोणतं, हे मला न बघता कळलं. मला त्याचाही राग आला. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, आणि माझी भीती रागासारखीच बाहेर पडते.

दहा हजारांवर लाल दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला. आता मतभेदाला जागा नव्हती. दोघांनी मास्क ओढून तोंडावर चढवले. पहिला श्वास थंडगार, रबराच्या वासाचा. दुसराही आला. तिसऱ्या श्वासाला मास्क माझ्या गालांना चिकटला. तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढल्यासारखं झालं. मी बटण फिरवलं, नळी हलवली, पुन्हा ओढून पाहिलं. काही नाही. शेजारी बघतो तर पोथीही आपली नळी हलवतोय.

काटा शून्यावर होता.

त्या क्षणी मला सगळं कळलं. बाटली भरलेली होती, कॉक बंद होता, आणि तो आमच्यापासून सहा फुटांवर, विमानाच्या कातडीच्या पलीकडे होता. ढेकराचा माझा तो विनोद मला शब्दन्‌शब्द आठवला.

"मेडे, मेडे," पोथी रेडिओवर संकटाची हाक देत होता. शब्द एकही चुकला नाही. "दाब गेलाय. दहा हजारांवर उतरतोय."

मी इंजिनं मंद केली, पंखांवरचे ब्रेक उघडले, नाक खाली घातलं. विमान थरथरायला लागलं. पण यातही एक गोम असते. इंजिनं मंद केली की आत येणारी हवाही मंद होते. खाली लवकर जावं म्हणून जे करायचं, त्यानेच आतली हवा आणखी लवकर संपते. विमान खाली चाललं होतं आणि केबिन वर. बारा हजार. चौदा. सतरा. मागे छतातून बाईंचा मास्क खाली पडला होता. तो त्यांनी तोंडाला लावला होता, पण त्यात काय येणार?

"कॅप्टन, यातून काही येत नाहीये!"

"डोकं मागे टेकून बसा, बाई. बोलू नका."

पोथीच्या खुर्चीमागे एक हातातली बाटली अडकवलेली असते. केबिनमध्ये धूर झाला तर वापरायची. वेगळी बाटली, वेगळा मास्क, पण एकच. पोथीने पट्टा सैल केला, मागे वळून ती ओढून काढली, तिचा कॉक उघडला. फुरफुर आवाज आला. खरा ऑक्सिजन. तीन माणसांत एका माणसापुरता.

त्याने तो मास्क माझ्यासमोर धरला.

"सर, आधी तुम्ही घ्या."

नियम सांगतो, हातात विमान असेल त्याने घ्यायचा. म्हणजे मीच. पण एव्हाना मला फार बरं वाटायला लागलं होतं. अंगात ऊब आली होती. भोंगा दूर कुठेतरी, शेजारच्या घरात वाजत असावा तसा वाटत होता. विरळ हवेचा हा कावा मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवलेला आहे: माणूस बुडतो तेव्हा त्याला आपण उत्तम पोहतोय असं वाटतं. कळत होतं, पण वळत नव्हतं.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणालो. "तू घे."

"नाही सर, तुम्ही."

"घे म्हणतो ना!"

"तुमचं वय, सर..."

"वय काढतोस माझं?"

त्याने मास्क मांडीवर ठेवला. उघडा, फुरफुरत, कोणाच्याच तोंडाला नाही. दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोन माणसं उभी राहावीत आणि घराला आग लागलेली असावी, तसं आमचं चाललं होतं. नंतर रेडिओची नोंद ऐकली तेव्हा कळलं, हा आग्रह चाळीस सेकंद चालला होता. आमच्यापैकी कोणाचं तरी बोट रेडिओच्या बटणावर राहून गेलं होतं, म्हणून जमिनीवरून आमच्याशी बोलणाऱ्या कंट्रोलरनेही तो ऐकला.

"अरे, कोणीतरी लावा ना ते तोंडाला!" बाई मागून ओरडल्या. त्यांची जीभ जड झाली होती. "मला खाली... खाली जायचंय." त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

उतरताना किती उंचीवर थांबायचं, तो आकडा एका चौकटीत लावावा लागतो. मी दहा हजार लावायला हवे होते. मी लावले एकतीस हजार. का, ते मला आजही सांगता येणार नाही. मला तो आकडा बरोबर दिसला, छान दिसला. एकतीसवर विमानाने आपोआप नाक वर घेतलं आणि सरळ चालू लागलं. मी खुर्चीत मागे टेकलो. काम फत्ते झालं, असं मला वाटलं.

"सर, दहा हजार लावायचेत."

"लावलेत."

"एकतीस आहेत, सर." त्याचा हात उंचीच्या बटणाकडे आला होता. बोटांची नखं शाईत बुडवल्यासारखी दिसत होती.

"मला शिकवतोस?"

हे मी ओरडून म्हटलं नाही. नेहमीच्याच आवाजात म्हटलं. पण तो हात थबकला, आणि मागे गेला. मरायला दोन मिनिटं उरलेली असताना, सासऱ्याने दोन शब्द टाकले म्हणून, त्याचा हात मागे गेला. मी ते पाहिलं. त्या मूर्ख आनंदातही कुठेतरी आत काहीतरी टोचलं, पण ते काय, हे धरून ठेवता येईना.

पोथीने मांडीवरच्या मास्ककडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते, हे मी नक्की सांगू शकतो, कारण त्यानंतरचं मला फारसं दिसलं नाही. त्याने मास्क उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबला. एक श्वास. दोन. तीन. मग माझ्या मनगटावर एक सणसणीत फटका बसला.

"कंट्रोल माझ्याकडे! हात काढा! बाबा, हात काढा म्हणतो ना!"

मला त्याच्या या आवाजाची ओळखच नव्हती. मी हात काढला. नाक पुन्हा खाली गेलं, पट्टा खांद्यात रुतला, आणि मग अंधार झाला.

पुढचं मी इतरांकडून ऐकलेलं आहे. साडेतीन मिनिटं तो एकटाच होता. त्याच्या तोंडावर ऑक्सिजन, शेजारी सासरा मान टाकून पडलेला, मागे बाई गप्प. मास्क काढून मला लावावा, असं त्याला किती वेळा वाटलं, ते त्याने मला कधीच सांगितलं नाही. कंट्रोलरने सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा सहवैमानिक दर हजार फुटांना उंची सांगत होता, आणि मधल्या वेळात बाबा, बाबा अशा हाका मारत होता."

मला जाग आली ती डोकं फुटेल अशा कळेने. विमान दहा हजारांवर होतं. बाई मागे ओकत होत्या, आणि तो आवाज मला देवाच्या घंटेसारखा गोड वाटला. पोथीने माझ्याकडे पाहिलंही नाही. तो यादी वाचत होता, बोट ठेवून, ओळीमागून ओळ.

जवळच्या विमानतळावर उतरलो. आगीचे बंब, रुग्णवाहिका, सगळा लवाजमा धावत आला. तिथल्या मिस्त्र्याने नाकाचं झाकण उघडलं, आत हात घातला आणि कॉक फिरवला.

"बंदच होता की हो," तो म्हणाला. "उडायच्या आधी बघितलं नाही वाटतं?"

पोथी खाली मान घालून उभा राहिला. मला वाटलं, आता तो माझ्याकडे बघेल, आणि बघायलाच हवं होतं. तो वळला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, माफ करा. बाटली मी घेतली. तुम्हाला द्यायला हवी होती. आणि तुम्हाला लागलं नाही ना हाताला?"

मी रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसलो. ज्याने मला वाचवलं तो माझी माफी मागत होता, आणि ज्याने त्याला मारलंच होतं जवळजवळ, तो मी ती ऐकून घेत होतो. लाज वाटली म्हणणं फार थोडं होईल.

आम्हाला रात्रभर देखरेखीखाली ठेवायचं ठरलं. दुपारी एकाच खोलीत दोन खाटा मिळाल्या. बाई वरच्या मजल्यावर होत्या आणि डॉक्टरांना दम देत होत्या, म्हणजे बऱ्या होत्या. पोथीने अहवाल लिहायला घेतला. लिहून झाल्यावर सहीसाठी माझ्याकडे दिला. त्यात लिहिलं होतं, "मास्कची चाचणी मी अर्धवट सोडली." माझं नाव नाही, ढेकर नाही, काही नाही. मी खाली एक ओळ घातली: "कारण मी त्याला सोडायला लावली." मग सही केली.

त्याला तपासणीला नेल्यावर मी कंपनीच्या साहेबांना फोन केला. "यापुढे याला माझ्याबरोबर बसवू नका," म्हणालो. साहेबांना वाटलं, जावयाने हात उगारला याचा मला राग आलाय. समजुतीच्या गोष्टी सांगायला लागले. मी फोन ठेवला.

संध्याकाळी लेक आली. पोथी अजून तपासणीतच होता; तिने आधी तिथे त्याला पाहिलं होतं, आणि साहेबांनी त्याला फोनवर कळवलं होतं. ती खाटेजवळ आली, पण बसली नाही.

"बाबा, हे काय ऐकतेय मी? त्याने तुमचा जीव वाचवला आणि तुम्ही त्याला काढून टाकताय?"

"ऐकून घे."

"स्वतःचंच काहीतरी चुकलं असं धरून बसलाय तो."

"अगं, ऐकून तरी घे. मी त्याच्यावर रागावलेलो नाही. मला भीती वाटतेय." हा शब्द माझ्या तोंडून तिने कधी ऐकला नसावा, कारण ती खाटेच्या कडेला बसली. "मी दोन शब्द बोललो आणि त्याने हात मागे घेतला. वर. तिथे. नखं काळीनिळी पडली होती त्याची. पुढच्या वेळीही घेईल. त्याच्या शेजारी असा माणूस पाहिजे, ज्याला तो घाबरत नाही. मी नको."

लेक खाली बघत राहिली. मला वाटलं, पटलं असेल. मला वाटलं, ती आता हात हातात घेईल.

"बाबा," ती म्हणाली, "तो एकटाच आहे का?"

"म्हणजे?"

"आई सकाळपासून माझ्याबरोबर आहे. तीन तास गाडीत एक घास घेतला नाही तिने. आता बाहेर बाकावर बसलीये." तिने दाराकडे बोट केलं. "आत ये म्हटलं तर म्हणाली, नको, ते म्हणतील, कशाला धावत आलीस. तू बघून ये आणि मला सांग."

माझ्या जिभेवर काहीतरी आलंच होतं. तुझी आई मूर्खासारखं काय बोलते, असं काहीतरी, नेहमीचं. मी पांघरूण बाजूला केलं आणि उठलो. डोकं गरगरलं. लेक आधार द्यायला पुढे झाली, तिला थांबवलं आणि भिंत धरत दारापर्यंत गेलो.

बायको बाहेर बाकाच्या अगदी टोकाला बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मला बघून चटकन उभी राहिली.

"मी येणार नव्हते," ती म्हणाली. "हीच म्हणाली चल म्हणून. मी लगेच निघतेच आहे हं. तुम्ही कशाला उठलात?"

"थांब," मी म्हणालो. तो शब्दही ओरडल्यासारखाच आला असावा, कारण ती तशीच उभी राहिली, चुकल्यासारखी. दुसरा कुठला शब्द मला सुचेना. लग्नाच्या चाळीस वर्षांत मी तो शिकलोच नव्हतो. मग मी बाकावर बसलो, शेजारची जागा हाताने पुसली, आणि ती बसेपर्यंत काही बोललो नाही. तिला बसायला बराच वेळ लागला.